भरावावरची झाडे: मातीतली कीड आणि पानांचा पिवळेपणा (अध्यक्षीय भाषण)

ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राकाठचे झाड. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात नेमके उलटे: जमीन उबदार असताना, जून ते सप्टेंबरमध्ये, जवळजवळ सगळा पाऊस उरकतो आणि थंडीचे महिने कोरडे जातात. फुलोरा यायला या झाडाला कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते, तीही इथे मिळत नाही. भारतात ऑलिव्हची मोठ्या प्रमाणावरची लागवड झाली ती राजस्थानात, २००७ नंतर, इस्रायली तंत्रज्ञांच्या मदतीने. बिकानेर जिल्ह्यातल्या लुणकरणसरला तेलाचा कारखानाही उभा राहिला. पुण्याच्या बाजूला हे झाड दिसते ते शोभेपुरते. सोसायटीच्या फाटकापाशी किंवा कंपनीच्या कार्यालयासमोर मोठ्या कुंडीत ते ऐटीत उभे असते, आणि एखाद-दोन पावसाळ्यांनंतर त्याची रुपेरी पाने पिवळी पडू लागतात. मग माळ्याला बोलावणे जाते, कृषी सेवा केंद्रातून ‘काहीतरी औषध’ येते, ते ओतले जाते आणि पिवळेपणा होता तिथेच राहतो.

ऑलिव्हचे सगेसोयरे मात्र या मातीला परके नाहीत. मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही सारी त्याच कुळातली. त्यांचीही पाने या पट्ट्यात त्याच कारणांनी पिवळी पडतात, आणि आंबा, पेरू, लिंबू, गुलाब यांचीही. त्यामुळे या परिषदेपुढचा प्रश्न एका परदेशी झाडापुरता राहत नाही. तो आहे भरावाच्या जमिनीवर वाढणाऱ्या प्रत्येक झाडाचा.

हा भराव कसा तयार झाला ते आधी पाहावे लागते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली आली, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, पिंपरी-चिंचवड महानगरपालिका १९८२ ची. त्यानंतर म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारात चाकणच्या वसाहती पसरल्या. जिथे बाजरी, भुईमूग आणि चाकणचा प्रसिद्ध कांदा निघत होता तिथे प्लॉट सपाट झाले. सपाटीकरणात पहिला बळी जातो तो वरच्या वीतभर कसदार मातीचा. तिच्या जागी मुरूम पडतो, त्यावर रोलर फिरतो, बांधकामाचा राडारोडा त्यातच मुरतो, आणि शेवटी सहा इंच लाल माती पसरून त्यावर लॉन अंथरले जाते. वरून पाहणाऱ्याला बाग दिसते. मुळांना मात्र सहा इंचांखाली दाबून घट्ट केलेला, सिमेंटच्या कपच्यांनी चुनखडीयुक्त झालेला थर लागतो. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक होतो. भरीस भर म्हणजे बोअरचे जड पाणी किंवा सोसायटीच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले क्षारयुक्त पाणी वर्षभर त्याच मातीत जिरते.

अशा ठिकाणी पान पिवळे पडले की कीड शोधण्याआधी पान नीट वाचावे. कोणते पान पिवळे झाले आहे, हा पहिला प्रश्न. फांदीच्या टोकाची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार असतील तर लोह कमी पडते आहे. खालची जुनी पाने सरसकट फिकी होत असतील तर नत्र. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडून देठाकडे हिरवे त्रिकोणी टोक राहिले असेल, लिंबूवर्गात हे स्पष्ट दिसते, तर मॅग्नेशियम. पाने लहान, अरुंद आणि चट्ट्यापट्ट्यांची झाली असतील तर जस्त. टोके आणि कडा करपल्या असतील तर क्षार. सगळे झाड एकदम मलूल, माती ओली आणि खणल्यावर आंबूस वास, तर मुळे गुदमरली आहेत. त्यांच्यावर फायटोप्थोरासारखी बुरशी आली असण्याचा संभव दाट असतो, आणि कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेल्या ऑलिव्हला उबदार साचलेल्या पाण्याइतके दुसरे काहीच मारक नाही. आतल्या बाजूची थोडी जुनी पाने पिवळी होऊन गळणे हा मात्र आजार नव्हे. ऑलिव्हचे पान दोन-तीन वर्षे जगते आणि गळते. पारिजातक तर उन्हाळ्यात जवळजवळ उघडाच पडतो. त्यावर फवारा मारणे म्हणजे नुसती पैशांची उधळपट्टी.

लोहाची कमतरता या पट्ट्यात सर्वांत जास्त आढळते, आणि तिचा सर्वांत चुकीचा अर्थ लावला जातो. उसावर ती आली की शेतकरी तिला ‘केवडा’ म्हणतात. मातीत लोह मुबलक असते. बेसॉल्टपासून झालेल्या जमिनीत त्याचा तुटवडा कुठून असणार? पण चुनखडी आणि जड पाण्यातले बायकार्बोनेट यांमुळे सामू आठच्या वर गेला की ते लोह मुळांना घेता येत नाही. खात्री करायला दोन साध्या चाचण्या पुरतात. ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकावेत. फसफसले तर मुक्त चुना आहे. दुसरी चाचणी पानावर: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून ते पाणी एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागाला कुंचल्याने लावावे. आठवड्याभरात तेवढाच अर्धा हिरवा झाला तर निदान पक्के.

उपाय करताना इथे एक नेहमीची फसगत होते. दुकानात ‘चिलेटेड लोह’ म्हणून मिळते ते बहुधा ईडीटीए स्वरूपाचे असते; सामू साडेसहा-सातच्या पुढे गेला की मातीत ते टिकत नाही. चुनखडीच्या जमिनीत टिकते ते ईडीडीएचए. ते महाग असते, पण मातीतून द्यायचे तर तेच द्यावे; ईडीटीए किंवा हिराकस पानांवर फवारण्यापुरते वापरावे. गंधक टाकून सामू उतरवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. त्याचा हिशेब मांडून पाहिला तर एक हेक्टर जमिनीच्या वरच्या २० सेंटिमीटर थरात चुना १ टक्का जरी असला तरी तो निष्प्रभ करायला सुमारे ८ टन गंधक लागेल. कुंडीत गंधक चालते. अख्ख्या प्लॉटवर ते वाऱ्यावर वरात ठरते. तिथे झाडाच्या आळ्यात भरपूर कुजलेले शेणखत घालणे आणि पावसाचे साठवलेले पाणी देणे हेच जास्त पदरात पडते.

पानाची तपासणी झाली, पाणी आणि चुना यांचा दोष नाही असे दिसले, की खुरपे घेऊन मुळाशी जायचे. तिथे भेटणाऱ्या किडींत या भागाचा खरा शत्रू हुमणी, म्हणजे भुंगेऱ्याची मातीत राहणारी अळी. खेड, आंबेगाव, जुन्नरच्या ऊस-भुईमूग उत्पादकांना तिची ओळख करून द्यावी लागत नाही. महाराष्ट्रात हलक्या, मुरमाड जमिनीत होलोट्रिकिया सेराटा ही जात प्रामुख्याने आढळते, तर सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या जमिनीत ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. होलोट्रिकियाचे वर्षाला एकच पिढीचे चक्र असते आणि ते वळवाच्या पावसाला बांधलेले असते. पहिला जोराचा वळीव झाला की तपकिरी भुंगेरे दिवेलागणीनंतर जमिनीतून निघतात, कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर बसतात, तिथेच पाने कुरतडतात, मीलन करतात आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरतात. मादी मातीत सुट्टी सुट्टी, सुमारे ५० ते ६० अंडी घालते. अळी निघाल्यावर सुरुवातीला सेंद्रिय पदार्थ आणि तंतुमुळांवर जगते. तिसऱ्या अवस्थेत, साधारण ऑगस्टपासून, ती जाड मुळे कापू लागते. पान पिवळे दिसते ते तेव्हा. नुकसान झाल्यावर लक्षण दिसते, हीच या किडीची लबाडी. लॉनमध्ये हुमणी असेल तर गवताचा पिवळा चट्टा हाताने धरून सतरंजीसारखा उचलता येतो, कारण खाली त्याला धरून ठेवायला मूळच उरलेले नसते. साळुंक्या आणि बगळे एकाच जागी सारखे टोचत असतील तर तीही खूण समजावी.

मात्र मातीत सापडलेली प्रत्येक पांढरी, ‘सी’च्या आकाराची अळी हुमणी नसते. शेणखताच्या खड्ड्यात आणि कंपोस्टच्या पिंपात ज्या लठ्ठ अळ्या निघतात त्यांतल्या पुष्कळशा गेंड्या भुंग्याच्या किंवा फुलांवरच्या भुंग्यांच्या असतात, आणि त्या कुजलेल्या पदार्थांवर जगतात. अळी सपाट फरशीवर ठेवून पाहावे. पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून ती सरपटू लागली तर ती फुलभुंग्याची. तिला खुशाल खतात परत टाकावे. हुमणी पोटाकडून, कुशीवर वळून धडपडते. या एका चाचणीने बरेचसे विषारी औषध वाचते.

नियंत्रणाची वेळ ही औषधाच्या नावापेक्षा महत्त्वाची. उसासाठी रूढ असलेला मापदंड असा आहे की कडुनिंब वा बाभळीवर सरासरी २० भुंगेरे दिसले किंवा जुलै-ऑगस्टमध्ये मातीच्या घनमीटरमागे एक अळी सापडली की उपाय सुरू करावेत. भुंगेऱ्यांच्या मोसमात संध्याकाळी फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकणे हा जुना उपाय आजही सर्वांत स्वस्त आहे, पण तो सगळ्या शिवाराने एकदम केला तरच उपयोग होतो. एका सोसायटीने भुंगेरे गोळा करायचे आणि शेजारच्या कंपनीच्या कुंपणावर रात्रभर दिवे जळायचे, असे झाले तर गोळा केलेल्यांपेक्षा आलेले जास्त भरतात. प्रकाश सापळा लावायचा तर तो वळवानंतरच्या थोड्या आठवड्यांतच उपयोगी.

अळी लहान असताना, जून-जुलैच्या ओलाव्यात, मेटारायझियम ही बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळांच्या कक्षेत द्यावी. लागण झालेली अळी आधी कडक, पांढरी होते आणि मग तिच्यावर हिरवी भुकटी दिसते. हेटेरोऱ्हॅब्डिटिस हे कीटकभक्षी सूत्रकृमी दिले तर मेलेली अळी विटकरी तांबडी होते. दोन्हींना ओल लागते, आणि उन्हात तापलेल्या कोरड्या मातीत टाकले तर दोन्ही वाया जातात. मेटारायझियमबरोबर बुरशीनाशक देऊ नये, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. रासायनिक दाणेदार औषध शेवटी, आणि ज्या पिकासाठी लेबल क्लेम आहे त्याच पिकावर. माळी मंडळींच्या तोंडी अजूनही ‘थायमेट’ असते. त्यातला फोरेट हा घटक ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे. मुले खेळतात त्या लॉनमध्ये तो जुन्या साठ्यातूनही टाकणे गुन्हाच म्हणावा.

पिंपरीतल्या औषधांविषयीही एक गैरसमज आहे. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ऑरिओफंजिन आणि स्ट्रेप्टोसायक्लिन ही शेतीसाठीची प्रतिजैविके दिली, आणि त्यांचे नाव इतके रुजले की कुठल्याही पिवळ्या झाडाला त्यांची मात्रा सुचवली जाऊ लागली. पहिले बुरशीवरचे, दुसरे जिवाणूंवरचे. हुमणी, वाळवी, सूत्रकृमी यांतल्या एकाचेही ती काही बिघडवत नाहीत, आणि लोहाची कमतरता तर मुळीच भरून काढत नाहीत.

वाळवी बहुधा आधीच खंगलेल्या झाडावर येते. खोडावर मातीचे बोगदे दिसले की ते खरवडून पाहावे. आतली साल जिवंत असेल तर पाण्याची पाळी नियमित करणे, खड्ड्यातले लाकडाचे तुकडे आणि शटरिंगच्या फळ्यांचे अवशेष काढणे आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावणे एवढ्याने भागते. कच्चे शेणखत हे वाळवी आणि हुमणी दोघींना आमंत्रण.

सूत्रकृमींचा प्रश्न वेगळा, कारण ते डोळ्यांना दिसत नाहीत. तळेगावच्या पुष्पोद्यानातल्या हरितगृहांपासून पेरू-डाळिंबाच्या बागांपर्यंत मेलॉयडोगायनी या प्रजातीने मुळांवर गाठी केलेल्या दिसतात. झाड दुपारी कोमेजते, संध्याकाळी सावरते, हळूहळू पिवळे आणि खुरटे होत जाते. मूळ उपटून पाहिले की उलगडा होतो. भुईमुगाच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी बोटाने सहज निघतात. सूत्रकृमीची गाठ मुळाचाच फुगवटा असल्याने निघत नाही. एकदा बागेत शिरलेला सूत्रकृमी पूर्ण जात नाही. निंबोळी पेंड, आफ्रिकन झेंडूची लागवड आणि पर्प्युरिओसिलियम ही बुरशी यांनी त्याचा जोर कमी होतो. रिकाम्या वाफ्यावर एप्रिल-मेमध्ये ओली माती पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकून तापवली तर वरच्या थरातले बरेचसे मरतात, आणि पुण्याचा मे महिना या कामाला पुरेसा कडक असतो.

सूत्रकृमी आणि हुमणी दोन्ही बागेत शिरतात ते बहुतेक वेळा रोपवाटिकेच्या पिशवीतून किंवा खताच्या गाडीतून. म्हणून रोप घेताना पिशवी सोडवून मूळ पाहावे. विक्रेता नाराज झाला तरी हरकत नाही. गाठ किंवा तपकिरी, कुजके मूळ दिसले तर रोप परत करावे. लावण्याआधी खड्ड्याची परीक्षा घ्यावी: फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि पाहावे. दुसऱ्यांदा पाणी तासाला अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उतरले तर तिथे ऑलिव्ह किंवा लिंबू लावू नये. मुरमाचा थर फोडून पाण्याला बाहेर जायला वाट द्यावी किंवा उंच वाफा करावा. कुंडीत लावायचे तर तळाचे छिद्र खाली ठेवलेल्या बशीने बुजत नाही ना, ते पावसाळ्यापूर्वी दरवर्षी पाहावे. मेलेले झाड काढल्यावर त्याच खड्ड्यात लगेच त्याच जातीचे दुसरे लावू नये. जुनी मुळे वेचून, माती एक उन्हाळा उघडी तापू द्यावी आणि पावसाळ्याच्या तोंडी नवे रोप लावावे.