पास झालो, पण आलं का?

आजचा एपिसोड खास बीएस्सीला बायोलॉजी घेतलेल्यांसाठी. "नीटला नंबर लागला नाही म्हणून इकडं आलोय, पाठ करू आणि निघू," असं मनात असेल, तर पाच मिनिटं ऐकाच.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये 'मास्टरी लर्निंग'चा विचार मांडला. एरवी वर्गात वेळ सगळ्यांना सारखा मिळतो आणि कळतं मात्र कमी-जास्त. ब्लूम म्हणाले, उलटं करा. पातळी सारखी ठेवा, वेळ कमी-जास्त लागू द्या. यावर आधारलेल्या कोर्समध्ये एकेका मुद्द्याला 'आलं' किंवा 'अजून नाही' एवढाच शेरा. 'अजून नाही' असेल तर चूक सुधारायची आणि पुन्हा परीक्षा द्यायची. एका टॉपिकचे मार्क दुसऱ्याला वाचवत नाहीत.

आपल्याकडं ४० टक्क्यांना पास. म्हणजे निम्म्याहून जास्त विषय न कळताही पुढं जाता येतं. आमच्या कामात दहापैकी सहा टेस्ट फेल असलेला कोड कुणी पुढं पाठवत नाही. पण बायोलॉजीत हे फेल झालेलं लगेच दिसत नाही, दोन सेमिस्टरनंतर दिसतं.

उदाहरण आपल्या कांद्याचंच घ्या. मुळाचं टोक कापायचं, रंगवायचं, स्लाइडवर दाबायचं, मायटॉसिसच्या अवस्था जर्नलमध्ये काढायच्या, सही घ्यायची. झालं! आता पुस्तक मिटा. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रं असतात. मुळाची पेशी विभागली, तर नव्या पेशीत किती? १६. परागकणाच्या केंद्रकात? ८. का? मिऑसिसमध्ये जोडीतली गुणसूत्रं एकमेकांपासून वेगळी होतात म्हणून. हे 'का' सुटलं, की मेंडेलचं ३:१ नुसतं पाठच करावं लागतं. आणि पाठ केलेलं जेनेटिक्सच्या पेपरात प्रश्न जरा फिरवला की कोसळतं.

कॉलेज दुसरी संधी देईल न देईल, आपण स्वतःला देऊ शकतो. सिलॅबसमधल्या प्रत्येक मुद्द्याचा प्रश्न करा. पुस्तक मिटून आकृती काढा, मोठ्यानं समजावून सांगा. अडलात, तर नेमकं कुठं ते लिहा: शब्द आठवला नाही, की गोष्टच कळली नाही? शब्दाला उजळणी पुरते. न कळलेल्या गोष्टीसाठी मात्र सरांना किंवा मॅडमना गाठावं लागतं. मग आठवड्यानं तोच मुद्दा, प्रश्न वेगळा. कांद्याऐवजी माणूस घ्या: ४६ चे २३ कसे होतात?

एक धोका आहे. 'पुन्हा देता येतंय' म्हणून ढकलत गेलात, तर सगळं सेमिस्टरच्या शेवटी अंगावर येतं. म्हणून 'अजून नाही'चा निकाल त्याच आठवड्यात लावायचा.

मार्क लागणारच, त्यातून सुटका नाही. पण मुद्दा खरंच आला असेल, तर मार्क मागून येतात. या आठवड्यात एकच टॉपिक घ्या आणि घरातल्या कुणालाही समजावून सांगा. त्यांनी "का?" विचारलं आणि उत्तर देता आलं, तर समजा, आलं. भेटू पुढच्या भागात!