ओळख उघड करायची नाही



लैंगिक अत्याचाराची बातमी देताना
पीडित व्यक्तीची ओळख उघड करायची नाही.
हा कायदा आहे.
ऑनलाइन बातमीलाही तो लागू आहे.

२०१८ साली जम्मू-काश्मीरमधल्या कठुआच्या बलात्कार-खून प्रकरणात
काही माध्यमांनी मृत मुलीचं नाव उघड केलं.
दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांना
प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले.
मृत्यूनंतरही ओळख उघड करायची नाही.

नुसतं नाव गाळून भागत नाही.
शाळा, गल्ली, वडिलांचा धंदा...
एवढ्यावरून गावात ओळख पटते.

वर्तमानपत्र रद्दीत जातं.
ऑनलाइन बातमी मात्र राहते.
नंतर दुरुस्त केली,
तरी जुना स्क्रीनशॉट फिरतच राहतो.
म्हणून बातमी टाकण्याआधीच
प्रत्येक तपशील तपासायला हवा.

आणि श्रोतेहो,
ओळख उघड करणारी बातमी तुमच्या मोबाइलवर आली,
तर कृपा करून
पुढे पाठवू नका.