कर्गद : नाव गिळणारा देश



आज नकाशात नसलेल्या एका देशावर बोलतो. देश कर्गद. चार बेटांचं साम्राज्य. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन बाईनं १९६८ साली कादंबरीत ‘अर्थसी’ हे बेटांचं जग रचलं. त्यात नायक गेड तांबूस-काळा, त्याचा जिवलग दोस्त काळाभोर. आणि गावं जाळायला येणारे कर्गद मात्र गोरेपान! रानटी कोण, हे बाईनं उलटं करून दाखवलं.

कर्गदचा इतिहास काय? राजे आधी पुरोहित, मग सम्राट, शेवटी स्वतःच देव. लिहिणं-वाचणं तिथं चेटूक. फायदा कुणाचा, वेगळं सांगायला नको.

संस्कृती बघायची तर १९७१ची ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ वाचा. तेनार नावाची पोर. मेलेली पुजारीणच हिच्या रूपानं जन्मली म्हणत देवळानं तिला आईबापाकडून उचललं. सहाव्या वर्षी विधी करून नाव काढून घेतलं. आता ती अर्हा, म्हणजे खाल्लेली. तिला मान मिळतो, हुकमत मिळते. कैदी अंधारात उपाशी मारायचा हुकूम तीच देते. बघा चलाखी! जिला गिळलं, तिच्याच हातानं दुसऱ्याला गिळायचं.

पण एका कैद्याला ती पाणी देते. तो गेड. तो तिला तिचं नाव परत देतो. दोघं निसटतात, थडगी कोसळतात.

२००४ साली अमेरिकेत टीव्हीवर मालिका आली, तर गेड गोरा! लेखिकेनं जाहीर निषेध केला.

म्हणून म्हणतो, परीकथा पोरांची म्हणून सोडू नका. त्यात कुणाचं नाव पुसलंय ते तपासा. आणि मान देणारं देऊळ बदल्यात काय मागतंय, तेही विचारा.