ओरखडलेली तबकडी आणि गळालेले आकडे



जुन्या लग्नांच्या, मुशायऱ्यांच्या, वडीलधाऱ्यांच्या भाषणांच्या सीडी अजून पुष्कळ घरांत कपाटात पडून आहेत. त्यांतला आवाज संगणकावर उतरवून घ्यावा असे अनेकांना वाटते. त्याआधी ही तबकडी आपल्या चुका कशा सांभाळते, ते पाहू.

फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. प्रत्येक वाहिनीसाठी सेकंदाला ४४,१०० मोजमापे, प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे. लेझरचा किरण हे आकडे वाचतो. धूळ आणि ओरखडे यांमुळे त्यांतले काही गळतातच.

ते परत कसे मिळतात? अर्धापूरच्या माणसाला केळीचे उदाहरण पुरेल. एका बागेचा सगळा माल एकाच ट्रकात भरला आणि ट्रक उलटला, तर तो शेतकरी बुडाला. तोच माल वीस ट्रकांत थोडा थोडा विभागला, तर नुकसान सोसण्याजोगे होते. सीडीवर शेजारशेजारचे आकडे असेच दूर दूर पांगवून ठेवतात. शिवाय गणिताने काढलेले जादा आकडे सोबत असतात. रीड आणि सॉलोमन या अमेरिकन गणितज्ञांनी ही रीत १९६० साली मांडली. तिच्यामुळे वाचनरेषेवरची सुमारे अडीच मिलिमीटरची सलग खोट आकडा न् आकडा भरून निघते. बीजगणित कशाला शिकायचे, असे विचारणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे!

खोट त्याहून मोठी झाली की यंत्र शेजारचे आकडे पाहून मधला अंदाजाने बसवते, नाहीतर क्षणभर गप्प राहते. खरी अडचण इथे आहे. असा अंदाज कानाला सहसा कळत नाही, आणि तोच नव्या प्रतीत कायमचा उतरतो.

‘जिटर’ची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त घातली जाते. जिटर म्हणजे आकडे येण्याच्या वेळेतली थरथर. तबकडी फिरताना ती होतेच. पण हौदात पाणी कसेही पडले तरी तोटीतून एकसारखे निघते, तसे आकडे आधी साठवून मग क्वार्ट्झ घड्याळाच्या ठोक्यावर सोडले जातात. ते घड्याळच डळमळले तर आवाजाला बाध येतो.

तेव्हा तबकडी मऊ फडक्याने मधून काठाकडे पुसावी. गोल गोल पुसल्यास ओरखडा वाचनरेषेच्या दिशेने पडून सलग आकडे खातो. छापील बाजू तर अधिक जपावी, कारण आकड्यांचा थर तिच्या लगेच खाली असतो. प्रत दोनदा उतरवावी आणि दोन्ही संगणकाकडून ताडून घ्याव्यात. फरक निघाला तर तबकडी पुसून, वेग कमी करून तिसऱ्यांदा उतरवावी.