हवेचा मार्ग आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज

पेट्रोल इंजिनात आधी हवा शिरते आणि तिच्या मापाने पेट्रोल सोडले जाते. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या 14.7 पट हवा लागते. एका लिटरमागे ही हवा सुमारे 11 किलो भरते. इंदापूर भागातल्या पळसदेवच्या उन्हाळ्यात एवढ्या हवेचे आकारमान 10 हजार लिटरच्या आसपास जाते. ग्रिलमागचे तोंड, तिथून निघणारी नळी, फिल्टरचा डबा, थ्रॉटलची झडप आणि मॅनिफोल्ड अशी तिची वाट असते. या वाटेत फेरफार करून अ‍ॅव्हरेज वाढवून देण्याचे आश्वासन गॅरेजांत आणि जाहिरातींत सर्रास मिळते. त्यामागची समजूत साधी आहे: इंजिनला हवा मोकळी मिळाली की पेट्रोल कमी लागेल.

कार्ब्युरेटरच्या काळात या समजुतीला थोडा आधार होता. फिल्टर तुंबला की हवा कमी पडायची, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात घटत नसे; मिश्रण घट्ट व्हायचे आणि सायलेन्सरमधून काळा धूर यायचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे गणित संगणक सांभाळतो. आत आलेली हवा सेन्सर मोजतो, धुरातला उरलेला ऑक्सिजन दुसरा सेन्सर तपासतो आणि त्यानुसार पेट्रोलची मात्रा ठरते. हवा वाढली की पेट्रोलही वाढते. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये अशा गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून चाचण्या घेतल्या. इंधनाच्या खपात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पिकअप मात्र मंदावला. तुंबलेल्या फिल्टरने जर अ‍ॅव्हरेज फारसे घटत नाही, तर जास्त मोकळ्या फिल्टरने ते वाढावे कसे?

याचे कारण थ्रॉटलमध्ये आहे. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना ही झडप अर्धीसुद्धा उघडलेली नसते. बोटाने चिमटलेल्या नळीतून उसाचा रस ओढताना जसा जोर लागतो, तसा इंजिनलाही या अरुंद फटीतून हवा ओढताना लावावा लागतो, आणि त्यात पेट्रोल खर्च होते. पुढची नळी कितीही रुंद केली तरी ही फट तेवढीच राहते. म्हणूनच थंड हवेच्या इनटेकचा फायदा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरच्या ताकदीत दिसतो, रोजच्या खपात नाही. याच्या उलट, हवा थोडी गरम असली तर ती विरळ होते, तेवढ्याच ताकदीसाठी झडप जास्त उघडावी लागते आणि ओढण्याचा तोटा कमी होतो. थंड देशांतले काही हौशी चालक यासाठी मुद्दाम गरम हवा आत घेतात.

पळसदेवला त्याची गरज नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, आणि उजनी जलाशयाच्या काठचा हा भाग समुद्रसपाटीपासून 500 मीटरच्या आसपास असल्याने हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमीच असतो. हवा आणखी तापवली तर इंजिन ठोके मारू लागते; ते टाळायला संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि मिळालेला फायदा तिथेच जातो.

बॉनेटखाली उघडा बसवलेला शंकूच्या आकाराचा फिल्टर हा तर सरळ तोट्याचा सौदा. तो इंजिनभोवतीची तापलेली हवा ओढतो आणि आवाज वाढवतो. त्या आवाजाच्या भरात पाय जड होतो. मूळ नळीची लांबी आणि तिला जोडलेला डबा कंपनीने कमी फेऱ्यांवरच्या ओढीचा आणि आवाजाचा विचार करून ठरवलेला असतो. हवेचे तोंड बंपरपाशी खाली आणले, तर पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावर पाणी सिलेंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

डिझेल इंजिनाची ताकद झडपेवर नव्हे, डिझेलच्या मात्रेवर ठरते. तिथे थंड आणि भरपूर हवा केव्हाही चांगली; टर्बोच्या गाडीत इंटरकूलर असतो तो त्यासाठीच. पण तो कारखान्यातच बसवलेला येतो.

बारामती-इंदापूर भागात हवेबाबतचा खरा प्रश्न धुळीचा आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतरस्त्यांवरून सतत ये-जा करतात आणि त्यांच्या मागे फुफाटा तरंगत राहतो. त्यातले वाळूचे कण आत गेले तर रिंगा आणि सिलेंडर घासले जातात, कॉम्प्रेशन उतरते, इंजिन ऑइल खाऊ लागते. ही झीज भरून येत नाही. म्हणून फिल्टर किती मोकळा यापेक्षा तो किती घट्ट बसला आहे, हे आधी पाहावे. डब्याच्या क्लिपा काढून झाकण उचलले की कागदी घड्यांची बाहेरची बाजू मातकट दिसते, ते स्वाभाविकच. आतल्या बाजूच्या नळीत स्वच्छ फडके फिरवावे. त्यावर तांबूस रेघ उमटली, तर रबराची कड नीट बसलेली नाही किंवा कागद फाटला आहे. फिल्टर उजेडात धरून पाहिला की टाचणीएवढे भोकही दिसते. असा फिल्टर झटकून परत बसवू नये, टाकून द्यावा. जोरदार कॉम्प्रेसरने फुंकर मारल्यानेही कागद फाटतो. तेल लावायच्या जाळीदार फिल्टरला तेल जास्त झाले, तर ते हवामापक सेन्सरवर बसून त्याचे माप चुकवते.

अ‍ॅव्हरेज घटल्याची आजची तक्रार पुष्कळदा हवेशी संबंधित नसतेच. याच भागातले साखर कारखाने बनवतात ते इथेनॉल पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असल्याने मिश्रणाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने या इंधनाला हवा कमीच लागते. ही तूट मोठ्या नळीने भरून निघणे शक्य नाही.

तरीही कोणाला फेरफार करून पाहायचाच असेल, तर आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम 52ही ध्यानात ठेवावे. नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार त्यानुसार करता येत नाही. मग टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या दाबावर आणावी आणि एकाच पंपावर, पहिल्या खटक्यापर्यंत टाकी भरून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने निदान चार टाक्यांची नोंद आधी आणि तेवढीच नंतर ठेवावी. दोन टाक्यांमध्ये एरवीही जेवढा फरक पडतो त्यापेक्षा जास्त फरक दिसला नाही, तर मूळ नळी परत बसवावी.