आजीचं गोंदण आणि सोळातले पंधरा ठिपके



एकोडी काय नि साकोली तालुक्यातलं दुसरं कुठलं गाव काय, घरातलं म्हातारं माणूस गेलं की तेरवीच्या आधी फोटोची शोधाशोध सुरू होते. सापडतो तो कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो. मोबाईलने त्याचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्टुडिओत धाडायचा. व्हॉट्सअ‍ॅप तो वाटेत आणखी लहान करतं. पूर्वी असा फोटो ताणला की चेहरा धूसर व्हायचा. आता मात्र लख्ख निघतो. कसा?

थोडा हिशेब करू. २०० बाय २०० म्हणजे ४०,००० ठिपक्यांचा चेहरा. दोन्ही बाजूंनी चौपट वाढवला की ठिपके होतात ६,४०,०००. म्हणजे सोळातले पंधरा ठिपके मशीनने स्वतः भरलेले! जुनं सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढायचं. आताचं सॉफ्टवेअर चालतं उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कवर, आणि त्याची तालीम वेगळी. चांगला फोटो मुद्दाम लहान करतात, नेटवर्कला तो मोठा करायला लावतात, मूळ फोटोशी ताडून चूक दाखवतात. हेच लाखो वेळा. २०१४ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी अवघ्या तीन थरांच्या नेटवर्कने जुन्या पद्धतींवर मात केली. तिथून हे प्रकरण वाढलं.

लुगड्याचा काठ, मागची कौलं यांत मशीनने पदरचं घातलं तर कुणाचं काही बिघडत नाही. चेहऱ्याचं तसं नाही. चेहरे उजळणारं ‘जीएफपीगॅन’ शिकलं ते फ्लिकर या संकेतस्थळावरून जमवलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर. आपल्याकडच्या आजीच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण त्यांत असून असून किती असणार? मग ते डाग म्हणून पुसलं जाऊ शकतं. सुरकुत्याही बुजतात. आजी देखणी दिसते, पण कुणाची? २०२० मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या ‘पल्स’ या प्रणालीला बराक ओबामांचा धूसर फोटो दिला, तर तिने चक्क गोरा माणूस काढून दिला!

तेव्हा मूळ कागदी फोटो घेऊन स्वतः स्टुडिओत जा आणि तो ६०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगा. मोबाईलवरूनच पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे तो आकसत नाही. चौपटीऐवजी दुपटीवर भागत असेल तर दुप्पटच करा. चेहरा सुधारण्याचा पर्याय बहुधा वेगळा असतो. तो बंद ठेवायला सांगा. आणि छापण्याआधी, आजीला रोज पाहिलेल्या माणसाला स्क्रीनसमोर बसवा.