आज रात्री आपल्या इमारतीत किती जण आहेत?

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषणाचा मजकूर, थोडा आवरून)

जेवणाची वेळ होत आली आहे, तेव्हा थेट प्रश्नच विचारतो. आज रात्री दोन वाजता आपल्या तिन्ही विंगमध्ये मिळून किती माणसं झोपलेली असतील?

सोसायटीच्या दप्तरात याचं उत्तर नाही. दुसरे आकडे मात्र भरपूर आहेत. पाण्याच्या टाकीचा हिशेब करताना घरटी ५ माणसं आणि माणशी १३५ लिटर धरतात. लिफ्टमधल्या पाटीवर ६ व्यक्ती, ४०८ किलो असं लिहिलंय, म्हणजे एक माणूस ६८ किलोचा. (समोर बसलेल्यांकडे बघून यावर अधिक बोलत नाही.) जिने आणि बाहेर पडायच्या वाटा ठरवताना राष्ट्रीय बांधकाम संहिता राहत्या इमारतीत दर १२.५ चौरस मीटरला एक माणूस धरते. हे सगळे कागदावरचे सरासरी रहिवासी. त्यांतला एकही आपल्या वाकोल्यात राहत नाही.

आणि ते बिनभोगवटा शुल्क! १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानं ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर आणून ठेवलं, हे आपल्या सभांमध्ये भांडून भांडून सर्वांना पाठ झालंय. पण गंमत बघा. भाडेकरूंच्या पोराबाळांनी भरलेलं घर आपल्या हिशेबात 'बिनभोगवट्याचं', आणि चार वर्षं कुलूप असलेल्या घराला ते शुल्कच नाही. हा शब्द मालक कुठे राहतो ते सांगतो. घरात कोण आहे, ते सांगत नाही.

पूर्वी याची गरज पडत नव्हती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वाकोला नाला जिथे मिठीला मिळायचा तिथे पाणी घेईना, आणि ते आपल्या तळमजल्यात शिरलं. त्या रात्री कोण घरात आहे, कोण ऑफिसात अडकलंय, कोणाची आजी चालू शकत नाही, हे यादीशिवाय सगळ्यांना माहीत होतं. आता अनेक घरं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर आहेत. विमानतळ जवळ, त्यामुळे रात्रपाळीची मुलंमुली तीन-चार मिळून राहतात. लिफ्टमध्ये आपण एकमेकांना हसतो, पण नाव विचारत नाही.

गेल्या वर्षी बी विंगच्या मीटर रूममधून धूर आला, ते आठवत असेल. अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यानं पहिला प्रश्न विचारला तो, वर किती माणसं आहेत? सहाव्या मजल्यावरच्या एका घराबद्दल दोघा-तिघांनी सांगितलं, तिथे कोणी नसतं. वॉचमन म्हणाला, नाही साहेब, परवाच बाबा गावाहून आलेत, बॅग मीच वर नेली. ते बाबा कानानं कमी ऐकतात. बेल वाजून उठले नसते. सुखरूप खाली आले, पण त्यांची नोंद होती ती फक्त त्या वॉचमनच्या डोक्यात. आणि तो स्वतः पंपरूमशेजारी झोपतो, त्याची नोंद तर कुठेच नाही.

आता थोडं जंगलात जाऊ. फार लांब नाही, इथून आरेला रिक्षानंही जाता येतं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं. त्यात आणि आजूबाजूला बिबटे किती, हा प्रश्न आपल्या प्रश्नासारखाच आहे. राहणारे रात्री फिरतात, कोणाला भेटत नाहीत आणि नावाची पाटी लावत नाहीत.

पूर्वी आपल्या देशात वाघ-बिबटे पंजाच्या ठशांवरून मोजत. ठसा बघून हा अमुक वाघ, असं ओळखायचं. १९७२ च्या गणनेत याच रीतीनं १८२७ वाघ मोजले गेले. पण चिखलात, वाळूत, चढावर एकाच पंजाचे ठसे निरनिराळे उमटतात. राजस्थानातल्या सरिस्कात कागदोपत्री पंधराहून अधिक वाघ होते. २००५ च्या सुरुवातीला कळलं की तिथे एकही उरलेला नाही. आपल्या तळमजल्यावरची नावांची पाटी मला सरिस्काची आठवण करून देते. तिच्यावरचे निम्मे लोक केव्हाच ठाण्याला नाहीतर अमेरिकेला गेलेत.

नंतर कॅमेरे आले. वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्यासारखे नसतात, आणि ठिपक्यांवरूनच ओळख पटते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. २०१५ मध्ये बोरिवलीच्या या जंगलात असे ३५ वेगवेगळे बिबटे सापडले, २०१८ मध्ये ४७. देशाच्या वाघांसाठीही २००६ च्या पाहणीत कॅमेरे वापरले. आकडा आला १४११. तो जाहिरातीत घरोघर पोचला, पण त्याच अहवालात ११६५ ते १६५७ असा पल्ला दिला होता, तो कोणाच्या लक्षात राहिला नाही. मला तो पल्लाच जास्त प्रामाणिक वाटतो.

पण कॅमेऱ्यासमोर न आलेल्यांचं काय? इथे खरी खुबी आहे. २००२ साली डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी एक रीत मांडली. एखाद्या जागी प्राणी दिसला नाही, तर तो तिथे नाही की आहे पण दिसला नाही, हे एका फेरीत कळत नाही. म्हणून त्याच जागी पुन्हापुन्हा जायचं आणि प्रत्येक वेळची नोंद ठेवायची.

आपल्या दारांवर करून बघू. समजा ६० घरं आहेत, आणि ५० मध्ये माणसं राहतात. संध्याकाळी बेल वाजवली तर राहत्या घराचं दार उघडण्याची शक्यता ६० टक्के. एकाच फेरीत ३० दारं उघडतील, आणि आपण म्हणू, अर्धी इमारत रिकामी! तीन फेऱ्या केल्या तर तिन्ही वेळा न उघडण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.४ गुणिले ०.४, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत. ४७ दारं एकदा तरी उघडतील. आता ते ६० टक्के कुठून आणायचे? त्याच ४७ घरांच्या नोंदीतून. कोण तिन्ही वेळा उघडलं, कोण दोनदा, कोण एकदाच, यावरून दारं किती 'लाजरी' आहेत ते कळतं. (कधीच न उघडलेली घरं त्यात नसल्यानं थोडी दुरुस्ती लागते, ती आपण कागदावर करू.) मग उत्तर येतं की बंद राहिलेल्या १३ घरांपैकी ३ च्या आसपास घरांत माणसं आहेत.

कोणत्या तीन, ते हे गणित सांगत नाही. ते वॉचमन, दूधवाला आणि कामवाल्या मावशी सांगतात. मोजणी संपली की शोध थांबवायचा नाही, हे त्यातून कळतं, एवढा त्याचा उपयोग.

दोन पथ्यं. मधल्या काळात कोणी राहायला येता-जाता कामा नये, म्हणून मे महिना आणि गणपती टाळायचे. २०११ ची जनगणनासुद्धा ९ ते २८ फेब्रुवारीत उरकली होती. आणि तिन्ही फेऱ्या एकाच वेळी नकोत. एक कामाच्या दिवशी संध्याकाळी, एक रविवारी सकाळी, एक दुपारी. नाहीतर रात्रपाळीवाले तिन्ही वेळा निसटतील.

एक आक्षेप आधीच आलाय, आणि तो रास्त आहे. बिबट्याला मोजलं तर तो तक्रार करत नाही, माणूस करतो. कोणतं घर रिकामं आहे याची यादी चोराला आयती मिळायला नको, आणि भाडेकरूला आपल्यावर पाळत आहे असं वाटायला नको. म्हणून नाव, जात, भाडं, करार काही विचारायचं नाही. रात्री झोपणारी माणसं किती, जिना उतरायला मदत लागेल अशी किती, एवढेच दोन आकडे. त्यांत घरी राहणाऱ्या मदतनीस बाई धरायच्या, ड्रायव्हर धरायचा, वॉचमन धरायचा. कागद बंद पाकिटात चौकीत राहील, आणि ते पाकीट फक्त अग्निशमन दल आलं तरच उघडायचं. दर सहा महिन्यांनी, जानेवारी-जुलैत आपण अग्निसुरक्षेचा 'बी' फॉर्म भरतो, तेव्हा नवा कागद ठेवायचा.

पहिली फेरी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. ए आणि बी विंगसाठी दोन-दोन जणांनी नावं दिली आहेत, सी विंगसाठी अजून कोणी नाही. जेवण झाल्यावर मी आइस्क्रीमच्या टेबलापाशी वही घेऊन उभा आहे.